कोलेस्टेरॉलचा पहिला अहवाल हाती आल्यावर : गोव्यातील वाचकांसाठी पायरीपायरीने

फोंड्यातील एका औषधांच्या दुकानात मी गेली वीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काम करतो. रक्ततपासणीचा कागद काउंटरवर पसरून ‘हे जरा बघा हो, घाबरण्यासारखे आहे काय?’ असे विचारणारी अनेक माणसे या काळात भेटली आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा कोलेस्टेरॉलचा असे. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते मी माझ्याकडे घेत नाही आणि हा लेखही घेणार नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसण्यापूर्वी आपला अहवाल आपल्याला वाचता आला, तर त्या दहा मिनिटांच्या भेटीचा उपयोग कितीतरी वाढतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही. त्याने चक्कर येत नाही, डोके जड होत नाही, मान आखडत नाही. ते रक्तवाहिन्यांचे नुकसान करते ते हळूहळू, आणि ते नुकसान आकडा किती मोठा आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो आकडा किती वर्षे तसाच राहिला यावरही असते. पंचविसाव्या वर्षापासून थोडे वाढलेले आणि पन्नाशीपर्यंत कोणी न पाहिलेले कोलेस्टेरॉल हे पन्नाशीत अचानक दिसलेल्या मोठ्या आकड्याइतकेच गंभीर असू शकते. पुढील प्रत्येक पायरी वाचताना हा वर्षांचा हिशेब ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी : हा पदार्थ शरीरात काय करतो ते समजून घ्या

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ असून त्याच्याशिवाय आपण जगूच शकत नाही. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. ड जीवनसत्त्व, कित्येक हार्मोन आणि अन्न पचवणारा पित्तरस तयार होण्यासाठी तो लागतो. त्यातील बराच मोठा भाग आपले शरीर, मुख्यतः यकृत, स्वतःच बनवते. म्हणूनच आयुष्यभर शिवराक राहिलेल्या, अंडेसुद्धा न खाल्लेल्या माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले असू शकते, आणि ‘मी तर मासेही खात नाही, मला कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच असते.

मेणासारखा असल्यामुळे हा पदार्थ रक्तात विरघळत नाही. तो प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांतून रक्तात फिरतो. यांतील एलडीएल हे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवतात. एचडीएल हे कण जास्तीचे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्यास हातभार लावतात. ट्रायग्लिसराइड हा वेगळा पदार्थ आहे. ती ऊर्जा साठवण्यासाठीची चरबी असून गोड पदार्थ, जास्त पिष्टमय अन्न आणि मद्य यांनी ती विशेष वाढते.

एलडीएलचे कण रक्तात गरजेपेक्षा जास्त झाले, की ते धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून तेथे अडकतात. त्यांना निकामी करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे येतात, चरबी गिळून फुगतात, सूज निर्माण होते आणि भिंतीत एक गाठोडे तयार होऊ लागते. त्याला वैद्यकीय भाषेत प्लाक म्हणतात. नळात गाळ साचतो अशी उपमा यासाठी नेहमी दिली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. गाळ नळाच्या पोकळीत साचतो. हा थर मात्र भिंतीच्या आत वाढतो, त्यामुळे रक्ताची वाट बराच काळ मोकळी राहते आणि माणसाला काहीच जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी त्या थराचे पातळ आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. हृदयाच्या धमनीत असे घडले तर हृदयविकाराचा झटका येतो आणि मेंदूच्या धमनीत घडले तर पक्षाघात होतो. पायांच्या धमन्या अरुंद झाल्या तर थोडे चालल्यावर पोटऱ्या भरून येतात. ‘कालपर्यंत तर अगदी ठीक होता’ हे अशा घरांत ऐकू येणारे वाक्य खरेच असते, कारण फाटणारा थर दर वेळी मोठा असतोच असे नाही.

दुसरी पायरी : तपासणी केव्हा आणि कशी करावी

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी करावी; घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर त्याहूनही आधी. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा तपासणीचा विचार करण्याची आपली रीत यामुळे बदलायला हवी. तपासणीचे नाव लिपिड प्रोफाइल. ती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत आणि खासगी प्रयोगशाळांत होते.

उपाशी पोटीच यावे असा आग्रह आता सर्वत्र धरला जात नाही. पहिल्या तपासणीसाठी उपाशी नसतानाचा नमुनाही चालतो, कारण एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि एलडीएल यांत जेवणामुळे फारसा फरक पडत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र जेवणानंतर वाढते. ते बरेच जास्त आले तर ९ ते १२ तास उपाशी राहून तपासणी पुन्हा करावी लागते. या काळात साधे पाणी प्यावे, चहा घेऊ नये.

ज्वर, शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण यांनंतर लगेच तपासणी केल्यास एलडीएल खोटेच कमी दिसू शकते, म्हणून काही आठवडे थांबणे बरे. गरोदरपणात ते नैसर्गिकरीत्याच वाढते. आपल्याकडची एक गोष्ट येथे आवर्जून सांगतो. श्रावण संपत आला, की कित्येक जण महिनाभर नुस्ते, अंडी आणि मद्य वर्ज्य केल्यानंतर तपासणी करून घेतात आणि चांगला आकडा पाहून निश्चिंत होतात. आहारातील बदलाचा परिणाम तीन-चार आठवड्यांत आकड्यावर दिसतो. म्हणजे तो अहवाल त्या महिन्याचा असतो, उरलेल्या अकरा महिन्यांचा नसतो. आपण वर्षभर जसे जेवता तसे जेवत असतानाच तपासणी करावी.

तिसरी पायरी : कागदावरचे आकडे वाचा

आपल्याकडे हे आकडे एक डेसिलिटर रक्तद्रवात किती मिलिग्रॅम अशा मापात छापलेले असतात. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत इष्ट मानतात. २४० किंवा त्याहून जास्त असेल तर ते निश्चितच वाढलेले. एलडीएल १०० च्या आत उत्तम, १६० पासून जास्त आणि १९० पासून फार जास्त. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी असेल तर ते कमी समजतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. ५०० च्या वर गेले तर हृदयापेक्षाही आधी स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका उभा राहतो आणि त्यासाठी वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे लागते.

नवख्या वाचकाची दृष्टी पहिल्या ओळीवर, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलवर खिळते, आणि तीच ओळ सर्वांत कमी सांगते. उदाहरणार्थ, दोघांचे एकूण कोलेस्टेरॉल २१८ च आहे असे धरा. पहिल्याचे एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड २१०. दुसऱ्याचे एचडीएल ७० आणि ट्रायग्लिसराइड ८०. अनेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. या हिशेबाने पहिल्याचे एलडीएल १३८ येते आणि दुसऱ्याचे १३२, म्हणजे जवळपास सारखेच. आता एकूण आकड्यातून फक्त एचडीएल वजा करा. पहिल्याचे १८० उरते, दुसऱ्याचे १४८. या उरलेल्या आकड्याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात आणि त्यात धमनीत अडकू शकणारे सर्व प्रकारचे कण येतात. एकूण आकडा तोच असूनही पहिल्या माणसाला दुसऱ्यापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागेल. जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ही पहिल्या माणसाची जोडी भारतीयांत फार आढळते, म्हणून ही एक वजाबाकी स्वतः करून अहवालाच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर वर दिलेले एलडीएलचे सूत्र लागू पडत नाही. तेव्हा एलडीएल थेट मोजण्यास सांगावे लागते.

दुसरी गफलत मापांची. आपल्या बहुतेक गावांत कोणी ना कोणी आखातात, जहाजावर किंवा इंग्लंडमध्ये असतो आणि रजेवर येताना तिकडचा अहवाल घेऊन येतो. तिकडे अनेक ठिकाणी मिलिमोल हे माप वापरतात. तेथील ३.५ हा आकडा पाहून ‘आमच्या भावाचे तर काहीच नाही’ असे समजू नये. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.६७ ने गुणावे, ३.५ म्हणजे आपल्याकडचे सुमारे १३५. ट्रायग्लिसराइडसाठी गुणक ८८.५७ आहे, म्हणून तेथील २ म्हणजे येथील सुमारे १७७.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत घातक गफलत म्हणजे अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेल्या मर्यादेवर विसंबणे. ती मर्यादा सर्वसाधारण निरोगी माणसाची असते. मधुमेह असलेल्या किंवा एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचे एलडीएल ११० असेल, तर तो आकडा कागदावर ठळक छापलेला नसेलही, परंतु त्या माणसासाठी तो जास्तच असतो.

चौथी पायरी : आपला स्वतःचा धोका मोजा

येथूनच अहवाल खऱ्या अर्थाने आपला होतो. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या सूचनांनुसार सर्वसाधारण, कमी धोक्याच्या व्यक्तीने एलडीएल १०० च्या आत ठेवावे. मधुमेह, उच्च रक्तदाब अशा कारणांनी धोका जास्त असलेल्यांनी ७० च्या आत. आणि हृदयविकाराचा झटका, हृदयविकारामुळे छातीत दुखणे, पक्षाघात किंवा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्यांनी ५५ च्या आत. नॉन-एचडीएलचे लक्ष्य यांहून साधारण ३० ने वर असते.

गोवेकरांनी मधुमेहाकडे विशेष लक्ष द्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की मधुमेहाचे प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे साऱ्या राज्यांत सर्वाधिक आढळले. त्यामुळे आपल्याकडे कोलेस्टेरॉलचा अहवाल हाती धरलेल्या माणसाला मधुमेहही असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि कित्येकांना तो ठाऊक नसतो. लिपिड प्रोफाइलसोबत साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी झालेली नसेल, तर ती करून घ्यावी.

याखेरीज डॉक्टरांना सांगण्यासारख्या गोष्टी घरीच कागदावर लिहाव्यात. वडील किंवा भाऊ यांना वयाच्या ५५ पूर्वी, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ पूर्वी हृदयविकार झाला होता काय? तंबाखू, विडी, सिगारेट यांपैकी काही चालू आहे काय? रक्तदाब किती असतो? कंबरेचा घेर किती आहे? आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले होते. म्हणून ‘अजून माझे वय झालेले नाही’ हा आधार आपल्यासाठी फार भक्कम नाही.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर आहाराला दोष देत बसू नये. जन्मजात, अनुवांशिक दोषामुळे ते तसे असू शकते. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात हे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाईन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे ग्राहक जन्मतःच कमी असलेली व्यक्ती साधारण २५० मध्ये एक असते. घोट्यामागच्या किंवा बोटांच्या स्नायुबंधांवर गाठी, पापण्यांवर पिवळसर चट्टे, तरुण वयातच बुबुळाभोवती पांढरट कडे यांपैकी काही खुणा अशा व्यक्तीत दिसू शकतात, पण दर वेळी दिसतीलच असे नाही. थायरॉइडचे काम मंदावल्यानेही एलडीएल वाढते, म्हणून ती तपासणीही व्हायला हवी. थायरॉइडवर उपचार झाल्यावर कोलेस्टेरॉल आपोआप खाली आलेले मी पाहिले आहे. लायपोप्रोटीन ए नावाची एक वेगळी तपासणी आयुष्यात निदान एकदा करावी असेही सांगितले जाते. तिचा आकडा ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो आणि तो आकडा मुख्यतः वारशाने ठरतो.

पाचवी पायरी : गोव्याच्या स्वयंपाकघरात काय बदलायचे

या पायरीवर मला जास्त थांबायचे आहे, कारण परक्या प्रांतांसाठी छापलेले आहाराचे तक्ते आपल्या घरात चार दिवसही टिकत नाहीत. ज्या घरात रोज हुमण आणि शीत शिजते, त्या घराला ऑलिव्ह तेलाच्या कोशिंबिरीचा सल्ला देऊन काही साधत नाही.

पहिला प्रश्न नारळाचा. ‘नारळात कोलेस्टेरॉल नसते’ हे विधान खरे आहे, कारण कोणत्याही वनस्पतीजन्य पदार्थात ते नगण्यच असते. पण रक्तातील एलडीएल वाढवण्यात अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाचा, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटचा, वाटा मोठा असतो, आणि खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के स्निग्धांश संपृक्त असतो. खोबरेल तेलाने एचडीएलही वाढते हे खरे, परंतु एलडीएल वाढल्याने होणारे नुकसान त्याने भरून निघते असे दिसलेले नाही. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातील जवळपास ३० ग्रॅम संपृक्त. दिवसाला २,००० कॅलरींचा आहार घेणाऱ्याने संपृक्त स्निग्धांश सुमारे २२ ग्रॅमच्या आत ठेवावा अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. दुपारचे हुमण, भाजीवरचे खोबरे, मुगागाठी आणि रात्रीची सोलकढी यांतून किती खोबरे पोटात जाते, त्याचा हिशेब प्रत्येक घराने एकदा तरी प्रामाणिकपणे करावा.

याचा अर्थ माडाशी वैर धरावे असा मुळीच नाही. चार माणसांच्या हुमणाला पूर्ण नारळ लागत असेल तर अर्ध्यावर यावे आणि वाटणात भाजलेला कांदा, धणे, थोडे भिजवलेले तांदूळ घालून दाटपणा आणावा. कोकमाचा किंवा आंबाड्याचा आंबटपणा नीट साधला तर खोबरे कमी झालेले जिभेला फारसे कळत नाही. वाटून घातलेल्या खोबऱ्यात निदान तंतू तरी पोटात जातात; गाळून काढलेल्या दाट रसात स्निग्धांश येतो आणि तंतू चोथ्यात राहतात, म्हणून रसाच्या पदार्थांना आठवड्यातील ठरावीक दिवस द्यावेत. सोलकढीऐवजी काही दिवस नारळाविना केलेली फुटी कढी घ्यावी. आणि तळणासाठी, फोडणीसाठी खोबरेल तेल वापरत असाल तर शेंगदाणा, तीळ, मोहरी किंवा राइस ब्रान यांसारख्या तेलांकडे वळावे, तेही मोजून.

नुस्त्याबद्दल मात्र आनंदाने लिहिता येते. बांगडा आणि तारले यांत ओमेगा-३ हे उपकारक स्निग्धाम्ल भरपूर असते, आणि हे मासे स्वस्तही असतात. अडचण माशाची नसून रवा लावून बुडबुडत्या तेलात तळण्याची आहे. तोच बांगडा तव्यावर थोड्या तेलात भाजला किंवा हळदीच्या पानात गुंडाळून शिजवला तर त्याचा गुण टिकतो. सुंगटांत शंभर ग्रॅममागे दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते खरे, परंतु संपृक्त स्निग्धांश फारच कमी. त्यामुळे अधूनमधून खाल्लेल्या सुंगटांपेक्षा ती ज्या रसात बुडालेली असतात त्या रसाचा विचार आधी करावा. अंड्याचेही साधारण तसेच, तरी मधुमेह असलेल्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. चोरीस, चरबीचे मांस, लोणी आणि भरपूर तूप यांना मात्र अशी सवलत नाही.

ट्रायग्लिसराइड वाढले असेल तर दृष्टी ताटातील शिताकडे वळवावी. पॉलिश केलेल्या तांदळाचा ढीग कमी करून उकड्या तांदळाचे मर्यादित शीत घ्यावे आणि पांढऱ्या पावाऐवजी पोदेराकडून कोंड्याची पोई घ्यावी. उरलेली जागा अळसांद्याचे तोणाक, कुळीथ, मूग, भेंडी आणि खतखत्यातल्या भाज्यांनी भरावी. यांत विद्राव्य तंतू असतात, जे आतड्यांत पित्तरसातील कोलेस्टेरॉलला बांधून बाहेर नेतात; असे ५ ते १० ग्रॅम तंतू रोज पोटात गेले तर एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरू शकते. काजूगर मूठभर, न तळलेले, चालतात.

बेकरीचे पॅटिस आणि खुसखुशीत बिस्किटे यांविषयी थोडक्यात सांगायचे तर २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपांतील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे, ही मोठी सुधारणा आहे. तरी त्यांतील संपृक्त स्निग्धांश तसाच आहे.

उरला प्रश्न मद्याचा. ‘थोडी फेणी घेतली की चरबी विरघळते’ असे मला अनेकांनी गंभीरपणे सांगितले आहे. हे साफ चुकीचे आहे. फेणी, हुर्राक, बिअर यांपैकी कशानेही ट्रायग्लिसराइड वाढते, आणि ज्यांचे ते आधीच ५०० च्या पुढे आहे त्यांनी मद्य पूर्ण बंद करावे लागते.

आठवड्यातून निदान १५० मिनिटे झपाझप चालण्याने ट्रायग्लिसराइड उतरते, साखर सुधारते आणि एचडीएल थोडे वाढते. एलडीएलवर व्यायामाचा परिणाम माफकच असतो. आहाराने ते बहुतेकांत १० ते १५ टक्क्यांनी खाली येते. हा आकडा मी मुद्दाम देतो. ज्याचे एलडीएल १२० आहे त्याला तेवढे पुरेसे ठरेल, पण ज्याचे २०० आहे त्याने कितीही निष्ठेने पथ्य पाळले तरी ते त्याला पुरणार नाही, आणि तो त्याच्या मनोबलाचा पराभव नव्हे.

सहावी पायरी : गोळी लागली तर

स्टॅटिन या औषधांच्या गटाचा आरंभ जपानमधील अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून काढलेल्या द्रव्याने झाला. ही औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतात. मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी एलडीएल पकडणारे जास्त ग्राहक तयार करते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते. अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही आपल्याकडे सर्वांत जास्त लिहून दिली जाणारी नावे. मोठ्या मात्रेत ती एलडीएल निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरवतात. मात्रा दुप्पट केली तरी घट मात्र आणखी सुमारे ६ टक्क्यांचीच होते, म्हणून डॉक्टर कधी मात्रा वाढवण्याऐवजी एझेटिमाइब हे दुसरे औषध जोडतात. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो, की एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका आणि पक्षाघात यांसारख्या घटनांचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने घटते. औषध जितकी वर्षे चालते तितका हा लाभ वाढतो.

दुष्परिणामांची भीती बाळगणाऱ्यांपासून मी ते लपवत नाही. काहींना स्नायू दुखतात. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा कमी करून किंवा औषध बदलून बहुतेकांचा प्रश्न सुटतो. लघवी गडद तपकिरी होऊन अंग तीव्र दुखू लागले तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. ज्यांची साखर आधीच सीमारेषेवर आहे, त्यांची ती किंचित वाढू शकते, पण हृदयाला होणारा लाभ त्याहून मोठा असतो. गरोदर राहण्याचा विचार असेल तर ते आधीच सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक औषधे काही स्टॅटिनसोबत घेऊ नयेत, म्हणून दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आपल्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. चरबी गाळण्याचा दावा करणारी चूर्णे चालू असतील तर तीही लपवू नयेत. खर्चाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रांत याच औषधांचे जेनेरिक रूप बरेच स्वस्त मिळते.

माझ्या वडिलांचे एलडीएल गोळीने १६० च्या पुढून ७० च्या घरात आले होते. ‘आकडा नॉर्मल झाला, आता कशाला गोळी?’ असे एका परिचिताने सांगितले आणि त्यांनी ती मला न कळवता सोडली. दीड वर्षाने त्यांना झटका आला. एकामुळेच दुसरे घडले असे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु त्या दीड वर्षात आकडा पूर्वीच्या जागी परतला होता, हे रुग्णालयातील तपासणीत दिसले. आकडा गोळीने उतरलेला असतो आणि गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या ग्राहकाला डबी हाती देतानाच सांगतो.

सातवी पायरी : पुढची तपासणी, फाइल आणि घरची माणसे

औषध सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. लक्ष्य गाठले की वर्षातून एक-दोनदा पुरे. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे. सगळे अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून पहिल्या पानावर तारीख, एलडीएल, नॉन-एचडीएल, ट्रायग्लिसराइड, औषध व मात्रा अशी एकच सारणी ठेवावी.

छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, श्वास लागणे, अथवा तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे असे काही झाले तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. स्वतः गाडी चालवत निघू नये. १०८ वर फोन करावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही नुसता थकवा, मळमळ, धाप एवढीच लक्षणे असू शकतात.

ज्याचे एलडीएल १९० च्या वर निघाले, त्याची भावंडे आणि मुले यांची तपासणी त्याच महिन्यात व्हावी. अनुवांशिक दोष असेल तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि अशा घरातील मुलांची तपासणी शाळकरी वयातही करतात. बाहेरगावी असलेल्या भावाला फोन करून त्याचे आकडे मागवावेत, ते मिलिमोलमध्ये असतील तर गुणून आपल्या मापात आणावेत आणि त्याच फाइलमध्ये त्याच्या नावाचे एक पान घालून लिहून ठेवावेत.